साठ सेकंद

चपलांच्या रॅकवर जुना लॅपटॉप,
बिजागरी तुटलेली, म्हणून पडदा भिंतीला टेकवलेला.
जेल रोडच्या या दोन खोल्यांत
हाच आमचा सर्व्हर.
त्याच्या पोटात, तीन हजार नंबरच्या पोर्टवर,
गप्पांचं एक घर थाटलंय
बाबांच्या खात्यातल्या अकरा जणांसाठी.
प्रेसमधले, तिकिटांना भोकं पाडणारे,
सगळे रिटायर.
आपलं बोलणं दुसऱ्याच्या कंपनीत ठेवायचं नाही
हे निरभवणे काकांनी ठरवलं,
आणि मुलगी कॉम्प्युटरवाली म्हणून
काम माझ्या गळ्यात.

घर थेट रस्त्यावर उघडायचं नसतं.
पुढे एक जण बसवायचा,
दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखा:
चिठ्ठी घ्यायची, आत न्यायची,
उत्तर बाहेर आणायचं,
डॉक्टर कुठल्या खोलीत बसतात ते सांगायचं नाही.
पुस्तकात त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात.
बाबांना मी कंपाउंडरच सांगितलं.
त्यांनी डावा हात हलवला.
उजवा मार्चपासून हलत नाही.

पहिल्या रात्री पाचशे दोन.
कंपाउंडर हजर, आत कोणी नाही.
मी पोर्टचा एक आकडा चुकवला होता.
दुसऱ्या रात्री एका ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला
आणि अख्खी फाइल रुसून बसली.
मग निरोप पोचू लागले,
पण पान पुन्हा उघडल्याशिवाय दिसायचे नाहीत.
शरणपूरहून मार्था साळवे मावशींचा फोन:
"अगं, ही तर टपालपेटी झाली,
सारखं जाऊन हात घालून बघायचं."
"अपग्रेड" एवढा एक शब्द
आत न्यायचा राहिला होता.

मग हनीफ चाचांनी पाच वेळा पासवर्ड चुकवला
आणि दार अकराही जणांना बंद झालं.

लॉग उघडला. प्रत्येक नावापुढे एकच पत्ता,
१२७.०.०.१
म्हणजे इथलाच. घरातलाच.
देवळालीचे काय, उपनगरचे काय,
कंपाउंडर कुणाचंच ठिकाण आत सांगत नव्हता,
आतल्याला वाटलं
एकच माणूस अकरा तोंडांनी बोलतोय.
हे ऐकून बाबा हसले, ओठाच्या एका कोपऱ्यानं,
आणि शब्द गोळा करत म्हणाले,
"एक... शीट... कमी..."
थांबले.
"सगळे... आत."
शीट सापडेपर्यंत कुणाला सोडायचे नाहीत.
अशा रात्री आई भाकरी झाकून
खिडकीशी बसायची.

मी ओळ वाढवली: जो येईल
त्याचा खरा पत्ता सोबत द्यावा.
दार उघडलं.

तरी बाबांच्या मोबाइलवर सारखं यायचं,
"पुन्हा जोडत आहे".
इतरांचंही तुटत असणार,
पण ते तोवर फोन ठेवून उठलेले असायचे.
साठ सेकंद काही गेलं नाही, आलं नाही
की कंपाउंडर समजतो, माणूस निघून गेला.
बाबा गेले नव्हते.
'ह' झाल्यावर 'न' शोधत होते.

साठ खोडून शहाऐंशी हजार चारशे लिहिले.
एक दिवस, एक रात्र.
रिकामी लाइन इतका वेळ धरून ठेवत नाहीत,
नियम मला ठाऊक आहे.
फाइल तपासली. रीलोड.

पहाटेचा गारठा, पायांवर शाल,
काचेवर डावा अंगठा.
मी चहा ठेवला, उतू गेला, ओटा पुसला.
चौदा मिनिटांनी निरोप गेला:
हनीफ तुझा डबा माझ्याकडे राहिला

तिकडे हिरवा ठिपका लागलेला.
बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.
लाइन तुटली नाही.
मग आलं:
कुठला रे

बाबांनी पुन्हा अंगठा उचलला.